उंबराचे फूल

पुष्कळ दिवसांनी भेटणाऱ्या स्नेह्याला 'अहो, तुम्ही तर अगदी उंबराचे फूल झालात!' असे आपण सहज म्हणून जातो. उंबराला फळे तर मणांनी लागतात, परंतु त्याचे फूल कोणी पाहिलेले नसते. म्हणून जी वस्तू दृष्टीस पडणे दुर्लभ, तिला ही उपमा. ते फूल मध्यरात्री क्षणमात्र उमलते आणि ज्याला दिसते त्याचे भाग्य फळफळते, अशीही एक समजूत खेड्यापाड्यांतून ऐकू येते. आम्हीही लहानपणी ती ऐकली होती. आमच्या कोंकणी घरात या झाडाला 'रुमड' म्हणत, आणि येथे सांबऱ्याच्या आसपास कानडी शेजारी त्यालाच 'अत्ती' म्हणतात. परंतु तिन्ही भाषांतील माणसांची फुलाविषयीची निराशा सारखीच!

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते मात्र म्हणीमुळे नव्हे, एका विद्यार्थ्यामुळे. मधल्या सुट्टीत तो एक कच्चे, हिरवट उंबर फोडून घेऊन आला. आत बारीक काळी चिलटे वळवळत होती. तो म्हणाला, "ह्येला भोकच न्हाई की वो सर, मग ही किडं आत गेली कुठनं?" प्रश्न विचारण्यामागे नुसते कुतूहल नव्हते. त्याच्या शेतातील विहिरीच्या काठी एक जुने उंबर आहे. फळे विहिरीत गळतात, पाणी नासते, 'किडके झाड' म्हणून ते तोडून टाकावे असा त्याच्या वडिलांचा विचार चालला होता. आणि आजी मात्र 'दत्ताच्या झाडाला कुऱ्हाड लावू देणार न्हाई' म्हणून हटून बसली होती. नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेस जाणारी ती बाई. तिच्या श्रद्धेपुढे वडिलांचा तर्क अडला होता, आणि मुलगा दोघांच्या मध्ये सापडला होता. झाड खरोखर किडके आहे काय, एवढेच त्याला आमच्याकडून हवे होते. वर्गात त्याला जे थोडक्यात सांगितले, ते येथे जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम परसातल्या वेलींकडे पाहू. दोडका आणि घोसाळे ही एकाच कुळातील सख्खी भावंडे. दोघांची फुले पिवळी, दोघांची पाने जवळजवळ सारखी. परंतु घोसाळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दोडक्याचे फूल दिवस कलल्यावर, संध्याकाळी. घोसाळ्याकडे सकाळी मधमाश्यांची व भुंग्यांची वर्दळ असते. दोडक्याकडे तिन्हीसांजेनंतर पतंग फिरकतात. पडवळाची व दुध्याची फुले पांढरी असतात, तीही रात्रीच्या पाहुण्यांसाठीच. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो. याच्या उलट, पांगारा आणि सावर पाहा. फुले लालभडक, भरपूर मधाची, पण वासाला जवळजवळ काहीच नाहीत. त्यांचे पाहुणे म्हणजे पक्षी; आणि पक्ष्यांची दृष्टी तीक्ष्ण असली तरी बहुतेकांचे नाक मंद. फुलाचा रंग, वास, उमलण्याची वेळ, नळीची लांबी, ही सारी पाहुण्याच्या अंगठेवणीशी जुळणारी आहेत, ही गोष्ट जर्मनीत श्प्रेंगेल नावाच्या एका शिक्षकाने 1793 साली ग्रंथरूपाने मांडली. त्या काळी ती फारशी कोणाच्या गळी उतरली नाही. सत्तर वर्षांनी, 1862 मध्ये, चार्ल्स डार्विनने आमरींवरील, म्हणजे ऑर्किडांवरील, आपल्या ग्रंथात तिला कारणाची जोड दिली.

डार्विनच्या त्या वेळच्या एका भाकिताची कथा प्रसिद्ध आहे. मादागास्कर बेटावरील एका पांढऱ्या आमरीचे फूल त्याच्या हाती आले. त्या फुलामागे जवळजवळ फूटभर लांबीची पोकळ शेपटी होती आणि मध होता तो तिच्या अगदी तळाशी. एवढ्या खोलवरचा मध कोण पिणार? डार्विन म्हणाला, तितकीच लांब सोंड असलेला पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. पुष्कळांना हे अतिरंजित वाटले. डार्विन 1882 मध्ये वारला. आणि 1903 साली तशा सोंडेच्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या शास्त्रीय नावातच 'भाकीत केलेला' अशा अर्थाचा शब्द घालण्यात आला.

आता येथे विद्यार्थ्यांची एक चूक नेहमी होते, ती आधीच दूर करणे बरे. 'फुलाने पतंगासाठी आपली नळी लांब केली' असे उत्तरपत्रिकेत लिहिलेले आम्ही अनेकदा वाचतो. फूल काही करीत नाही. एकाच जातीच्या शेकडो फुलांत कोणाची नळी काकणभर लांब, कोणाची आखूड असते. आखूड नळीतला मध पतंग दुरूनच पिऊन जातो, त्याचे तोंड परागाला लागतच नाही. लांब नळीच्या फुलापाशी त्याला तोंड पार आत खुपसावे लागते, आणि पराग चिकटतो. म्हणून लांब नळीच्या झाडांना बी अधिक धरते, आणि पुढच्या पिढीत तशीच झाडे अधिक निपजतात. मग त्या लांब नळीतून पोटभर मध मिळतो तो लांब सोंडेच्या पतंगांनाच. त्यांची संतती वाढते. असे हे एकमेकांना ओढीत नेणे लक्षावधी वर्षे चालते. कोणी योजिलेले नसते, पण पाहणाऱ्यास योजिल्यासारखे भासते. याला सहउत्क्रांती म्हणतात. हा शब्द शास्त्रात रूढ झाला तो मात्र बराच अलीकडे, 1964 मध्ये फुलपाखरे व वनस्पती यांवर अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या एका निबंधानंतर.

या सहउत्क्रांतीचे सर्वांत विलक्षण उदाहरण पाहण्यास मादागास्करला जावे लागत नाही. ते विहिरीच्या काठी उभे आहे.

उंबराचे जे आपण फळ म्हणतो, ते वस्तुतः फळ नव्हे. तो आतबाहेर उलटलेला एक फुलोरा आहे. सूर्यफुलाचे तबक डोळ्यांपुढे आणा. त्यावर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. ते तबक कडेने वर उचलीत उचलीत पिशवीसारखे मिटवून टाकले, तर फुले सगळी आत जातील आणि वर एक इवलेसे तोंड राहील. उंबर म्हणजे ती पिशवी. कोवळे उंबर धारदार पात्याने उभे चिरून भिंगाखाली धरले, की आतील भिंतीवर ओळीने दाटलेली ती फुले स्पष्ट दिसतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिले नाही म्हणतात, ते फूल एकेका उंबरात शेकड्यांनी असते! आमच्या वर्गात हे दाखविले तेव्हा मागच्या बाकावरील एकाने लगेच विचारले की, आता आपले भाग्य उजळेल काय. परीक्षा जवळ आली होती. आम्ही उत्तर देण्याचे टाळले.

देठाच्या विरुद्ध टोकाला त्या पिशवीचे तोंड असते, परंतु ते एकावर एक चढलेल्या बारीक खवल्यांनी घट्ट मिटलेले असते. भोक दिसत नाही ते त्यामुळे. मग परागाची ने-आण कोणी करावी? वारा आत शिरत नाही, मधमाशीला वाट नाही. त्या दाराची किल्ली जगात एकाच प्राण्याजवळ आहे. तो म्हणजे आपण ज्याला चिलट म्हणतो तो दोनएक मिलिमीटरचा कीटक. वास्तविक तो गांधीलमाशीच्या कुळातला. शास्त्रात त्याला सेराटोसोलेन फ्यूसिसेप्स म्हणतात.

उंबरातील मादीफुले परिपक्व झाली, की त्या उंबराला एक विशिष्ट गंध सुटतो. आपल्या नाकाला तो फारसा जाणवत नाही. परंतु दुसऱ्या कुठल्या तरी झाडावरून उडालेली चिलटाची मादी त्या गंधाच्या मागाने बरोबर येते. वडाच्या किंवा पिंपळाच्या फळाकडे ती वळत नाही. त्यांची चिलटे निराळी. उंबराच्या तोंडाशी बसून ती खवल्यांच्या फटीत चपटे डोके खुपसते आणि रेटा देत आत शिरते. वाट इतकी अरुंद की पंख तेथेच मोडून पडतात, पुष्कळदा मिशांचे तुकडेही. परतीचा मार्ग आता तिला उरत नाही. तिच्या छातीखाली दोन लहान खिसे असतात, आणि त्यांत ज्या उंबरात ती जन्मली तेथून भरून आणलेले पराग असतात. मधमाशीच्या अंगाला पराग चुकून लागतो. ही मात्र पुढच्या पायांनी खिशातून पराग काढून फुलांवर घालते, आणि त्याच वेळी फुलांच्या बीजकोशांत एकेक अंडे सोडीत जाते. काम संपते आणि ती तेथेच मरते.

ज्या फुलात अंडे पडले त्याची लहानशी गाठ बनते आणि आतली अळी तिच्यावर पोसते. ज्या फुलाला नुसता पराग मिळाला त्यात बी धरते. हिशेब रोख आहे: एका पिलामागे झाडाचे एक बी खर्ची पडते. सुमारे महिन्याभरात, थंडीत त्याहून उशिरा, पिले तयार होतात. प्रथम नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, रंगही फिकट. ते मादी अजून गाठीत असतानाच तिच्याशी मीलन करतात. नंतर पुष्कळसे नर मिळून उंबराची भिंत कुरतडून बोगदा पाडतात. ज्या सूर्यप्रकाशाची वाट त्यांनी खोदली, त्यात त्यांचे आयुष्य काही क्षणांपलीकडे टिकत नाही. बहुतेक खाली पडून मुंग्यांच्या तोंडी जातात. याच सुमारास उंबरातील नरफुले उमललेली असतात. नव्या माद्या त्यांतून पराग उचलून खिसे भरतात आणि नरांनी पाडलेल्या बोगद्याने उडून जातात. त्यानंतरच उंबर मऊ पडते, लाल होते, गोड होते, आणि वटवाघळे, पोपट, कोकीळ, धनेश यांची पंगत बसते.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, ती चिलटे आत 'गेली' नाहीत, आतच जन्मली. गेली होती ती त्यांची आई. पिकलेल्या उंबरात जे किडे, माश्या, मुंग्या दिसतात, ते बहुतांशी त्या बोगद्यातून मागाहून शिरलेले ऐतखाऊ होत. आपल्या पूर्वजांनी या झाडाला संस्कृतात 'जंतुफल' असे नाव दिले आहे, म्हणजे ज्याच्या फळात जंतू असतात ते. निरीक्षण अचूक होते. नाव ठेवण्याच्या अर्थाने मात्र ते घेऊ नये. त्याच झाडाला 'यज्ञांग' असेही म्हटले आहे.

येथे एक शंका चाणाक्ष वाचकास येईल. चिलटाने लोभ धरून प्रत्येक फुलात अंडे घातले, तर बी उरणार नाही, आणि झाडाचा वंश संपेल. तसे का होत नाही? याचे पूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण कारणे अनेक आहेत. फुलांची नळी कोणाची आखूड, कोणाची लांब असते. लांब नळीच्या तळापर्यंत चिलटाची अंडे घालण्याची सुई सहज पोहोचत नाही. शिवाय बाहेरच्या भिंतीला लागून असलेले बीजकोश पिलांसाठी धोक्याचे असतात. उंबराच्या भोवती पाच-सहा जातींची परकी चिलटे घोटाळत असतात. ती पराग आणीत नाहीत, झाडाची काही सेवा करीत नाहीत. बाहेरूनच लांब सुई खुपसून आत आपली अंडी घालतात. भिंतीलगतची पिले त्यांच्या तडाख्यात सापडतात, मध्याजवळची वाचतात. हे चोरच अप्रत्यक्षपणे झाडाचे बी राखतात असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तिसरे कारण शिस्तीचे आहे. पनामा देशातील काही उंबरवर्गीय झाडांवर प्रयोग करून अभ्यासकांनी 2010 साली दाखविले की, परागाविना चिलटे आत सोडली, तर झाड ती फळे पुष्कळ प्रमाणात अकाली गाळून टाकते, आणि आतील पिले फळाबरोबर मरतात. ज्या जातींत चिलट मुद्दाम पराग घालते, तेथे ही शिक्षा अधिक कडक आढळली. फसविणाऱ्यास वारस मिळत नाही!

उंबराचा सखोल अभ्यास आपल्याच राज्याच्या राजधानीत झालेला आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेनी बोर्जेस व त्यांचे सहकारी यांनी याच झाडावर अनेक वर्षे काम केले. उंबराचे व चिलटांचे गंध ओळखून शिकारी मुंग्या फळांकडे कशा ओढल्या जातात, हे त्यांनी तपासले. त्याच संस्थेतील संशोधनात 2014 साली असे आढळले की, कच्च्या उंबराची कठीण भिंत भेदणाऱ्या एका परजीवी चिलटाच्या सुईच्या टोकाशी जस्त असते. लोहाराने कुदळीला पाणी द्यावे, तसे निसर्गाने केसाहून बारीक सुईला धातूचे टोक दिलेले आहे.

ही मैत्री किती जुनी? इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. तेथे 1920 नंतरच्या दशकात सापडलेला एक जीवाश्म मुंगीचा म्हणून नोंदला गेला होता. 2010 मध्ये तो पुन्हा तपासला तेव्हा ते उंबरवर्गीय झाडाचे चिलट निघाले. वय सुमारे 3 कोटी 40 लक्ष वर्षे, आणि अंगावर परागाचे खिसे आजच्यासारखेच. झाडांच्या व चिलटांच्या आनुवंशिक वंशावळी ताडून पाहणारे तर हा संबंध 7 कोटी वर्षांहूनही मागे नेतात. वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्या या प्रजातीत आज जगात साडेसातशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक प्रत्येकीचे चिलट निराळे. अपवाद सापडत आहेत, पण नियम मोडलेला नाही.

ही जोडी फुटली म्हणजे काय होते, याचेही दाखले आहेत. कॅलिफोर्नियातील बागाइतदारांनी 1880 च्या सुमारास तुर्कस्तानातील स्मर्ना अंजिराची कलमे मोठ्या हौसेने नेऊन लावली. झाडे फोफावली, फळे धरली, आणि पिकण्यापूर्वीच गळून गेली. वर्षानुवर्षे तेच. चिलट आणले पाहिजे असे कोणी म्हटले, की लोक हसत. अखेर 1899 मध्ये ते चिलट तेथे रुजले आणि बागा पिकू लागल्या. प्राचीन ईजिप्तमध्ये आपल्या उंबराचा एक जवळचा नातलग लावीत. तेथे त्याचा परागवाहक नाही. शेतकरी झाडावर चढून एकेका फळाला चाकूने छेद देत, तेव्हा ते पिके. बी मात्र त्यात कधीच धरत नसे, फांदी लावूनच झाड वाढवावे लागे. (पुरंदरचे अंजीर चिलटाविनाच पिकते, ही निराळी जात, शाकाहारी वाचकांनी निर्धास्त असावे.)

आता त्या विहिरीकाठच्या झाडाकडे वळू. 'एक झाड तोडले तर काय बिघडले? चिलट दुसरीकडे जाईल', असे त्या विद्यार्थ्याचे वडील आम्हांस म्हणाले. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. चिलटाची मादी बाहेर पडल्यावर फार तर एक-दोन दिवस जगते. एका झाडावरची बहुतेक उंबरे एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात, म्हणून तिला आपल्या झाडावर सहसा घर मिळत नाही. ज्या झाडाची फुले नेमकी त्याच दिवशी गंध सोडीत आहेत असे दुसरे उंबर तिला गाठावे लागते. ती वाऱ्यावर स्वार होते. नामिबियात नदीकाठच्या झाडांची आनुवंशिक तपासणी करून 2009 साली दाखविण्यात आले की, अशी चिलटे 160 किलोमीटरपर्यंत पराग नेतात. हे अंतर बेळगावाहून कोल्हापूर ओलांडून जाणारे आहे! परंतु पोहोचतात त्या विरळा. बाकीच्या वाटेत संपतात. म्हणून कोणत्याही दिवशी टापूतील एखादे तरी झाड स्वागतास तयार असेल, इतकी झाडे असावी लागतात. आफ्रिकेतील एका उंबरवर्गीय जातीसाठी 1990 साली हे गणित मांडले गेले, तेव्हा चिलटांचा वंश चार वर्षे टिकण्यास साधारण शंभर झाडे लागतील असे निघाले. तो आकडा आपल्या उंबरास जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यावरून अंदाज बांधता येतो. शंभरांतील एक गेल्याने काही होत नाही. एकेक करीत जेव्हा साखळीतील एखाद्या महिन्याचे झाडच उरत नाही, तेव्हा त्या महिन्यात सर्वच चिलटे मरतात, आणि उरलेली झाडे हिरवीगार उभी असूनही त्यांची फळे पिकण्यापूर्वीच गळू लागतात. चैत्र-वैशाखात, इतर झाडांवर खाण्याजोगे थोडे असते तेव्हा, उंबरावर जगणाऱ्या पाखरांना त्याची पहिली झळ लागते.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांच्या ओट्यावर बसून सांगितले. पाणी नासते ही त्यांची तक्रार खोटी नव्हती, तेही कबूल केले. आजी आतून ऐकत होती. चिलटाची आई पंख गमावून आत जाते आणि परत येत नाही, एवढे ऐकल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "मग ती किड न्हवं बाबा, ती माहेरवाशीण की." शास्त्राच्या दृष्टीने हे तितकेसे बरोबर नाही, मादी ज्या उंबरात जन्मते त्यात ती परत जात नाही, जाते ती परक्या घरी. आम्ही तसे म्हणताच ती उत्तरली, "म्हंजे सासुरवाशीण."

दिवाळीनंतर विहिरीवर झुकलेल्या दोन फांद्या उतरविण्यात आल्या आणि उरलेल्या भागाखाली जुने जाळे ताणून बांधण्यात आले. झाड उभे आहे. शाळेपासून विमानतळाच्या रस्त्यापर्यंत आणखी किती उंबरे आहेत आणि कोणत्या महिन्यात कोणते पिकते, याची वही आमच्या नववीच्या मुलांनी घातली आहे. माघापर्यंतची पाने भरली आहेत.